बीएमआय ठीक, पोट मात्र सुटलेले: मूत्रपिंडाच्या दृष्टीने कोणते माप धरावे?

गोव्यातील डिचोलीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ४८, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६७ किलो आणि नोकरी बैठी. वडिलांना मधुमेह होता आणि अखेरची दोन वर्षे त्यांना डायलिसिसवर काढावी लागली. व्यायामशाळेतील यंत्राने शरीरातील चरबी ३१ टक्के दाखवली, तर घरच्या काट्याने २६ टक्के. पत्नीचे म्हणणे असे, की बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २४.६ म्हणजे नॉर्मल आहे, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मात्र ९६ सेंटिमीटर भरतो. मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन १.० आले आहे आणि लघवीच्या साध्या तपासणीत प्रथिनांसमोर ‘ट्रेस’ (अगदी अल्प) असे लिहून आले आहे. चरबीचा आणि मूत्रपिंडाचा खरोखर संबंध आहे का, असल्यास यांपैकी कोणता आकडा धरून चालावे, आणि व्यायामशाळेने सुचवलेले सहा महिन्यांचे शरीरमापनाचे पॅकेज घ्यावे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी मूत्रपिंडविकारांची डॉक्टर आहे आणि गेली बावीस वर्षे फोंड्याला व म्हापशाला रुग्ण तपासते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, संबंध आहे’ असे एका शब्दात देता येते, परंतु तुमची खरी अडचण तिथे नाही. ज्या दोन आकड्यांवर तुमच्या घरचा निर्वाळा उभा आहे, ते बीएमआय आणि क्रिएटिनिन, हे दोन्ही आकडे एकाच कारणाने आणि एकाच दिशेने फसवू शकतात. ते कारण म्हणजे स्नायू. अंगावर स्नायू कमी आणि चरबी जास्त असलेल्या माणसाचे वजन बेताचेच भरते, म्हणून बीएमआय चांगला दिसतो. आणि क्रिएटिनिन हे स्नायूंतूनच तयार होत असल्यामुळे त्याच माणसाचे क्रिएटिनिनही कमी येते, म्हणून मूत्रपिंडही चांगले दिसते. एक साक्षीदार खोटा बोलला तर दुसऱ्याकडून ते उघडे पडते, अशी आपली अपेक्षा असते. इथे दोघे एकाच घरात राहणारे आहेत. तुमच्या बाबतीत असेच झाले आहे, असे मी एवढ्या माहितीवर म्हणणार नाही, मात्र हे तपासून पाहिल्याशिवाय ‘सगळे नॉर्मल आहे’ असेही म्हणणार नाही.

बीएमआयचे मूळ सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी मांडले आणि त्याला आजचे नाव १९७२ मध्ये अमेरिकेतील अँसेल कीज यांनी दिले. ते लोकसमूहाची पाहणी करण्यासाठी होते; एका माणसाच्या पोटात काय साठले आहे, हे सांगण्याचा त्याचा दावा कधीच नव्हता. भारतीयांच्या बाबतीत तर हे फारच ठळकपणे दिसून आले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय नेमका २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. विद्यार्थ्यांना शिकवताना मी अजूनही ते चित्र दाखवते, कारण दहा पानांच्या व्याख्यानाने जे पटत नाही ते त्याने पटते. याच कारणासाठी २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांच्या गटाने आपल्याकडची मर्यादा खाली आणली: बीएमआय २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलता. म्हणजे वहिनींचे ‘नॉर्मल’ हे युरोपीय तक्त्यातले आहे. आपल्या तक्त्यात तुम्ही आधीच ‘जास्त वजन’ या रकान्यात बसता.

आता पोटाचा घेर. हे माप सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त चुकवलेही जाते. माझ्या ओपीडीत टेप काढली, की निम्मे पुरुष नकळत श्वास आत ओढून पोट आत घेतात आणि उरलेल्यांपैकी बरेच जण म्हणतात, “मोजायला कशाला पाहिजे डॉक्टर, माझी पँट चौतीसची आहे.” पँट पोटाच्या खाली बांधली जाते, दहा वर्षांत पोट पुढे आले तरी पँटचा नंबर तोच राहू शकतो. मोजण्याची रीत अशी आहे: सकाळी, उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर सरळ उभे राहावे; बगलेखालून सरळ खाली उतरत शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपून दोन्हींच्या मधोमध खूण करावी; त्या पातळीवर टेप जमिनीला समांतर, त्वचेला टेकेल पण रुतणार नाही अशी धरावी आणि श्वास सहज बाहेर सोडल्यावर आकडा वाचावा. तुम्ही बेंबीवर मोजले आहे. ज्यांचे पोट ओघळते त्यांची बेंबी खाली सरकलेली असते, त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. तरीही भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही जी मर्यादा आहे, तिच्या तुम्ही बरेच पुढे आहात. याहून सोपा नियम असा, की कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने २०२२ पासून तोच सल्ला दिला आहे. तुमच्या उंचीचे निम्मे ८२.५ होतात. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या आकड्यांमध्ये मला सर्वांत बोलका वाटला तो हा आकडा.

यंत्राने दाखवलेल्या टक्केवारीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण हल्ली लोक मोबाइलवर त्याचे आलेख घेऊन येतात. ही यंत्रे चरबी मोजत नाहीत. ती शरीरातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतात आणि त्याला होणारा विरोध मोजतात. स्नायूंत पाणी भरपूर असते म्हणून तिथून प्रवाह सहज जातो, चरबीत पाणी कमी असते म्हणून तिथे अडतो. त्या विरोधावरून शरीरातील पाणी, पाण्यावरून स्नायू, आणि उरले ते चरबी, असा तो हिशेब असतो. त्यात वय, उंची व लिंग टाकून कंपनीचे स्वतःचे सूत्र लावलेले असते. घरच्या काट्यावर आपण फक्त पावले टेकतो, त्यामुळे प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो आणि ज्या पोटाची आपल्याला काळजी आहे त्याचा यंत्राला फारसा पत्ताच लागत नाही. मे महिन्यात घामाघूम होऊन आलात तर शरीरातले पाणी कमी, विरोध जास्त, म्हणून चरबी वाढलेली दिसेल. उलट ज्याच्या पायांवर सूज आहे त्याच्या अंगात पाणी साचलेले असते, ते यंत्र स्नायू म्हणून मोजते आणि चरबी कमी दाखवते. म्हणजे ज्या माणसाचे मूत्रपिंड खरोखर बिघडले आहे, त्यालाच यंत्र शाबासकी देण्याची शक्यता अधिक! तुमचे ३१ आणि २६ यांपैकी खरे कोणते, या प्रश्नाला म्हणूनच फारसा अर्थ नाही. एकाच यंत्रावर, एकाच वेळी, तशाच स्थितीत महिन्या-दोन महिन्यांनी मोजले तर कल कळतो, तेवढाच त्याचा उपयोग. डेक्सा नावाची क्ष-किरणांवर चालणारी तपासणी याहून विश्वासार्ह आहे, परंतु मूत्रपिंडासाठी निर्णय घ्यायला मला ती आजवर क्वचितच लागली आहे.

चरबीने मूत्रपिंडाला नेमके काय होते, हा या विषयाचा गाभा. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, कुणात बऱ्याच कमी, कुणात जास्त. जन्माच्या वेळी जेवढ्या मिळाल्या तेवढ्याच, नंतर एकही नवी तयार होत नाही. शरीर वाढले तरी गाळण्या वाढत नाहीत, म्हणून प्रत्येक गाळणीला जास्त रक्त जास्त दाबाने गाळावे लागते. त्यात पोटातील, म्हणजे आतड्यांभोवतीची आणि यकृतातील चरबी ही नुसती साठवण नसते; ती रक्तदाब वाढवणारी आणि मीठ धरून ठेवणारी संप्रेरकांची साखळी चालू ठेवते, दाह वाढवणारी द्रव्ये सोडते आणि इन्सुलिनचा परिणाम बोथट करते. मूत्रपिंडाच्या खोबणीत, जिथून रक्तवाहिन्या आत-बाहेर जातात, तिथेही चरबी साठते आणि वाहिन्यांवर दाब आणते. या सगळ्याचा एकत्रित परिणाम असा, की गाळणी आधी फुगते, तिच्या जाळीला बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी ताणल्या जातात आणि त्या पेशींना पुन्हा वाढण्याची क्षमता जवळजवळ नसते. जाळी सैल पडली, की अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत झिरपू लागते. पुढे काही गाळण्यांवर व्रण पडतात, त्यांचे काम उरलेल्यांवर येते आणि त्या अधिक ताणल्या जातात.

अतिस्थूल व्यक्तींच्या लघवीत प्रथिने जाण्याचे वर्णन वैद्यकीय वाङ्मयात १९७४ पासून आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका आढाव्यात मूत्रपिंडाच्या सुमारे ६,८०० बायोप्सी पाहिल्या गेल्या. स्थूलतेमुळे होणाऱ्या या विकाराचे प्रमाण १९८६ ते १९९० या काळात ०.२ टक्के होते, ते १९९६ ते २००० मध्ये २ टक्के झाले. मधुमेह वा उच्च रक्तदाब यांच्या वाटेने होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे आहे हे खरे, परंतु साखर व रक्तदाब ठीक असतानाही चरबी थेट इजा करू शकते, एवढा मुद्दा त्यातून स्पष्ट होतो. तुमच्यासारख्या, वजन बेताचे पण पोट सुटलेल्या माणसांविषयी नेदरलँड्समधील ग्रोनिंगन शहरात झालेले काम मला महत्त्वाचे वाटते. तिथे २००३ मध्ये असे दिसून आले, की पोटाभोवती चरबी असलेल्यांमध्ये मूत्रपिंडाचे काम उतरलेले असण्याची शक्यता जास्त असते, आणि ही गोष्ट सडपातळ लोकांनाही लागू पडते. त्याच शहरात २०१३ मध्ये निरोगी माणसांची प्रत्यक्ष गाळण्याची क्षमता मोजली, तेव्हा कंबर-नितंब गुणोत्तर जितके जास्त तितका गाळणीतील दाब वाढल्याच्या खुणा अधिक, असे आढळले.

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हे उत्तर वाचून कुणी उद्या डायलिसिसची चौकशी करायला येईल. २०१९ मध्ये सुमारे चाळीस देशांतील ५४ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासात, बीएमआय २५ असलेल्यांच्या तुलनेत बीएमआय ३० असलेल्यांमध्ये मूत्रपिंडाचे काम लक्षणीय घटण्याचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी जास्त, ३५ ला जवळजवळ १.७ पट आणि ४० ला दुप्पट आढळला. म्हणजे थोड्या जास्त चरबीचा धोका थोडाच आहे. बहुसंख्य पोटवाल्यांना मूत्रपिंडाचा विकार कधीच होत नाही. कुणाला होईल हे आणखी कितीतरी गोष्टींवर अवलंबून असते: घराण्यात मधुमेह किंवा मूत्रपिंडविकार आहे का, जन्माच्या वेळी वजन कमी होते का (कमी वजनाच्या बाळांना गाळण्याही कमी मिळतात), रक्तदाब किती, तंबाखू आहे का, वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या. आणि सडपातळ माणूस सुरक्षित असतो असेही नाही. आपल्याच काणकोण तालुक्यात कारण नीट न उलगडलेल्या मूत्रपिंडविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात आणि त्यांतील कित्येक जण कष्टाची कामे करणारे, अंगाने काटक असतात. तिथे पाण्यातील सिलिकासारख्या घटकांकडे अभ्यासकांनी बोट दाखवले आहे. म्हणून चरबीचे माप हे निदान नव्हे. कुणाची लघवी आधी आणि नीट तपासायची, हे ठरवण्याचा तो संकेत आहे, असे मी मानते.

आता क्रिएटिनिनकडे येऊ. तुमचे वय आणि १.० हा आकडा क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचा वेग काढण्याच्या २०२१ च्या सूत्रात घातला, तर गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, मिनिटाला सुमारे ९३ मिलिलिटर येतो. उत्तम आहे, तुमचे स्नायू सरासरी असतील तर. मागे एक बासष्ट वर्षांच्या बाई साखळीहून आल्या होत्या. हातपाय काडीसारखे, पोट मात्र मोठे, क्रिएटिनिन ०.८. सूत्राने गाळण्याचा वेग ८० च्या वर दाखवला आणि त्यांचा मुलगा निश्चिंत होता. माझे लक्ष त्यांच्या पायांवर गेले: मोज्याचा वण संध्याकाळपर्यंत जात नव्हता. सिस्टॅटिन सी या, स्नायूंवर अवलंबून नसलेल्या प्रथिनावरून हिशेब केला तेव्हा वेग पन्नाशीच्या आसपास निघाला आणि लघवीत अल्ब्युमिनही सापडले. सिस्टॅटिनही निर्दोष नाही. चरबी, थायरॉइडचे विकार आणि स्टिरॉइड यांनी ते स्वतःच थोडे बदलते, म्हणून दोन्ही मिळून काढलेला आकडा मी जास्त विश्वासार्ह मानते. ही तपासणी क्रिएटिनिनपेक्षा महाग आहे आणि नमुना बहुधा बाहेर पाठवावा लागतो, त्यामुळे सरसकट सर्वांना मी ती सांगत नाही.

फार लठ्ठ माणसाच्या बाबतीत ईजीएफआरचा आकडा उलट्या बाजूने फसवतो. अहवालातील वेग हा शरीराच्या १.७३ चौरस मीटर पृष्ठभागामागे दिलेला असतो, आणि हे १.७३ आले आहे ते १९२० च्या दशकातील तरुण अमेरिकनांच्या सरासरीवरून. ११० किलो वजनाच्या, १७५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा पृष्ठभाग सुमारे २.३ असतो; त्याच्या अहवालात ९० दिसत असतील तर मूत्रपिंड प्रत्यक्षात १२० गाळत असते. गाळण्यांवर पडलेला जादा भार अशा रीतीने कागदावर झाकला जातो. तुम्हाला हे लागू नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या इतर कुणाला लागू असू शकते.

तेव्हा तुमच्यासाठी पुढची पायरी कोणती? लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. ‘ट्रेस’ हा शब्द लघवीत बुडवलेल्या पट्टीच्या रंगावरून येतो आणि तो लघवी किती दाट होती यावर अवलंबून असतो. दुपारी उन्हातून आल्यावर कमी पाणी पिऊन दिलेल्या नमुन्यात ‘ट्रेस’ येणे यात काही विशेष नाही. उलट भरपूर पाणी पिऊन दिलेल्या पातळ नमुन्यात खरोखरचे अल्ब्युमिनही पट्टीला दिसत नाही. गुणोत्तर काढले, की दाट-पातळचा प्रश्न मिटतो. सकाळची पहिली लघवी द्यावी, आधीच्या दिवशी दमछाक करणारा व्यायाम नसावा, ताप किंवा लघवीचा संसर्ग नसावा, आणि स्त्रियांनी पाळीचे दिवस टाळावेत. प्रयोगशाळेत जाताना ‘मायक्रोअल्ब्युमिन’ एवढेच म्हटले तर पुष्कळदा नुसते अल्ब्युमिन मोजून देतात, म्हणून ‘अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे एसीआर’ असे डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्यावे. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी आले तर ठीक. ३० ते ३०० च्या दरम्यान आले तर तीन महिन्यांत आणखी दोनदा तपासावे आणि तीनपैकी दोनदा वाढलेले आले तरच ते खरे मानावे. एका अहवालावरून मूत्रपिंडविकाराचा शिक्का मारत नाहीत. बिघाड तीन महिने टिकून असल्याचे दिसावे लागते. याच फेरीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीए१सी तपासणी, रक्तातील चरबी आणि घरी शांत बसून आठवडाभर घेतलेला रक्तदाब एवढे जमवा. वडिलांचा इतिहास पाहता, अहवाल चांगले आले तरी वर्षातून एकदा हे करणे मी तुमच्यासाठी आवश्यक समजते.

उपाय काय, हे तुम्ही विचारलेले नाही, परंतु लोक अहवालाची वाट न पाहता सुरू करतात म्हणून सांगते. चरबी कमी झाली, की मूत्रपिंडाला खरोखर फायदा होतो. २००३ च्या स्पेनमधील एका छोट्या अभ्यासात, लघवीत प्रथिने जाणाऱ्या जादा वजनाच्या रुग्णांचे वजन पाच महिन्यांत सरासरी चार टक्के उतरले, तेवढ्यावर प्रथिनांचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटले. तुमच्या ६७ किलोंचे चार टक्के म्हणजे पावणेतीन किलो. तुम्हाला वजन फार उतरवायचेही नाही. पोट उतरवायचे आणि मांड्या-दंडांत स्नायू वाढवायचे आहेत, त्यामुळे काटा कदाचित हलणारही नाही आणि तरी काम झालेले असेल. रोज चालणे आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम, दोन्ही लागतील. शीत-कढी सोडायला मी कुणाला सांगत नाही. ताटातला भात एक वाटी कमी करून तिथे भाजी वाढवा आणि मासा तळण्याऐवजी हुमणात, म्हणजे माशाच्या कढीत खा. मिठाकडे मात्र काटेकोरपणे पाहा, कारण पोटातील चरबी मीठ धरून ठेवते आणि रक्तदाबावर त्याचा परिणाम अशा माणसांत जास्त होतो. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, ही मर्यादा आहे. पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठ्यात भरून ठेवलेले सुके बांगडे, खारे, लोणचे आणि पापड एकाच जेवणात आले, की त्यातला मोठा भाग तिथेच संपतो. पावसाळ्यात माझ्या रुग्णांचे रक्तदाब का चढतात, हे मला सुरुवातीची काही वर्षे कळत नव्हते. एकदा एका रुग्णाच्या बायकोने जेवणाचा डबाच उघडून दाखवला.

काही गोष्टी करू नका. व्यायामशाळेत प्रथिनांची पावडर आणि क्रिएटीन (स्नायूंसाठी घेतले जाणारे पूरक, क्रिएटिनिन नव्हे) सुचवले जाईल. निरोगी मूत्रपिंडाला त्याने लगेच काही होत नाही, पण क्रिएटीन घेतल्यावर रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते आणि अहवाल वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून तपासण्या पूर्ण होईपर्यंत दोन्ही बाजूला ठेवा. अंग दुखले म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन रोज घेणे टाळा. आणि सर्वांत कळकळीचे: करमल, म्हणजे बाजारात स्टारफ्रूट म्हणून मिळणारे फळ, किंवा बिंबले (बिलिंबी) यांचा रस ‘चरबी वितळते’, ‘कोलेस्टेरॉल उतरते’ म्हणून उपाशीपोटी पिऊ नका. दोन्हींत ऑक्झालेट नावाचे द्रव्य अतिशय जास्त असते. पेलाभर रस रोज प्यायल्याने मूत्रपिंडाच्या नलिकांत ऑक्झालेटचे स्फटिक साचून धडधाकट माणसाचे मूत्रपिंड काही दिवसांत बंद पडल्याच्या नोंदी आहेत, बिंबल्यांच्या रसाच्या तर केरळमधून अनेक. आमटीत चार बिंबले घातले तर काही बिघडत नाही. परसात झाड आहे म्हणून ते औषध होत नाही. एवढेच.

वजन कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनांविषयी हल्ली रोज विचारणा होते. मधुमेह आणि मूत्रपिंडविकार दोन्ही असलेल्या ३,५३३ रुग्णांवर त्यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाची चाचणी होऊन २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष आले आणि मूत्रपिंडाच्या गंभीर परिणामांत २४ टक्के घट दिसली. ही फार चांगली बातमी आहे. पण ती त्या रुग्णांसाठी. तुम्हाला अजून ना मधुमेहाचे निदान झाले आहे ना मूत्रपिंडविकाराचे, आणि या औषधाने उलट्या-जुलाब होऊन शरीरातील पाणी घटले तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचे औषध नव्हे.

आणखी एक खुलासा, कारण कुणीतरी तो विचारणारच. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांमध्ये वजन जास्त असलेले लोक अधिक जगतात, असे अनेक अभ्यासांत दिसते, मग चरबी वाईट कशी? त्या टप्प्यावर आजार माणसाला आतून खात असतो, आणि वजन टिकणे म्हणजे बहुधा स्नायू व भूक टिकणे. तिथेही कंबरेचा वाढता घेर चांगला ठरत नाही. तुमच्या वडिलांचे वजन शेवटी झपाट्याने उतरले असेल तर ते पथ्यामुळे नव्हे, आजारामुळे. त्यावरून स्वतःसाठी कोणताही निष्कर्ष काढू नका.

राहिला पॅकेजचा प्रश्न. घेऊ नका. शिंप्याची टेप घरात असेलच. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच खुणेवर घेर मोजून वहीत लिहा. ९६ वरून सहा महिन्यांत ९१ झाले तर यंत्र काहीही म्हणो, तुमचे ठीक चालले आहे. पॅकेजचे पैसे एसीआर आणि जमल्यास एकदा सिस्टॅटिन सी यांवर खर्च करा. आणि मोजताना टेप वहिनींच्याही कंबरेला लावा. स्त्रियांसाठी मर्यादा ८० आहे, आणि त्यांच्या कुठल्याही बाळंतपणात रक्तदाब वाढला होता किंवा लघवीत प्रथिने गेली होती का, हे मुद्दाम विचारून घ्या. तसे झाले असेल तर बीएमआय कितीही असला तरी एसीआरसाठी प्रयोगशाळेत दोन नमुने द्या, तुमचा एक आणि त्यांचा एक.